एक पोतं खत, चाळून

८ सप्टेंबर

ताई,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवते, की तुझं पत्र मिळालं आणि वाचता आलं नाही. चार पानांचं पत्र तू बादलीच्या झाकणाखाली, बटाट्याच्या ओल्या सालांवर अंथरलंस. टेम्पो हलला, सालं हलली, शाई वाहिली, आणि माझ्यापर्यंत फक्त तीन शब्द सुखरूप पोचले: "मी तेव्हाच म्हटलं." बाकी सगळं वाहून गेलं आणि नेमके हेच उरले, याचं मला नवल वाटलं नाही. लहानपणापासून तुझ्या बोलण्यातला टिकाऊ माल तेवढाच. तरीही एका मावसबहिणीने दुसरीच्या भावनांना कांद्याचा वास लावावा, हा अन्याय मी सहजासहजी विसरणार नाही. यापुढे पत्र झाकणाला बाहेरून चिकटव.

बादल्या मात्र छान पोचल्या. भाजीवाल्याचा टेम्पो तुझ्या शाळेत माल उतरवून रिकामाच आमच्या शाळेकडे येतो, तेव्हा त्यात तुमच्या स्वयंपाकघराच्या दोन बादल्या टाकायच्या, ही तुझी कल्पना. मान्य. भाडं नाही, खोळंबा नाही.

तुला माहीत आहे, कचरा नेणारा ट्रकवाला ड्रममागे पैसे घेतो. ड्रम भरलेला असो की तळाशी दोन सालं असोत, दर तोच. म्हणून मी मागच्या अंगणात दोन खड्डे घेतले. शेजारच्या सुताराचा भुसा फुकट, झाडांचा पाला फुकट. खर्च एकच, माळीबुवांचा. आमच्या बागेला अर्धा माळी पुरे, असं आपल्या शाळांच्या मंडळाचं मत आहे. उरलेला अर्धा मी खड्ड्यांच्या नावावर घातलाय. म्हणजे खड्डे आहेत तोवर माळीबुवा अखंड आहेत.

काल ढिगात सळई खुपसली तर हाताला चटका बसला. माळीबुवा इतके खूश झाले की त्यांनी मलाही चटका घ्यायला लावला. पण ओलं अजून कमी पडतं. आमची पोरं मेली ताटात काही ठेवतच नाहीत. तेव्हा पाठव जमेल तेवढं. वर्ष संपता संपता एक पोतं खत तुझं, चाळून. फाटकाजवळच्या तुझ्या गुलाबांना घाल.

तुझी
टाचणी


१२ सप्टेंबर

टाचणे,

घे, बाहेरून चिकटवलंय. आता रुसायला दुसरं काहीतरी शोध. तुझं हे नाव मावशीने ठेवलं असं तू सगळ्यांना सांगतेस, पण ते मी ठेवलं होतं, आणि अजून एकदाही पस्तावले नाही.

इकडे हेडसरांनी ट्रकचं बिल पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू तो कचरा मीच घरून आणते. तुझ्या तिप्पट मुलं माझ्याकडे, त्यामुळे ड्रमही तसेच. काटकसर म्हणून त्यांनी काय केलं असेल? स्टीलचे चमचे धुवायला वेळ लागतो, म्हणून प्लॅस्टिकचे आणले. पोपटी रंगाचे. मुलं जेवतात, चमचा उरलेल्यात खोचतात आणि निघून जातात. वर सर म्हणतात, कचऱ्याचा खर्च खाली आणा, नाहीतर स्वयंपाकघरातल्या बायकांतली एक कमी करा. म्हणाले ते असे, जसं कोणी मीठ कमी करा म्हणावं.

असो. तू आहेस म्हणून बोलता येतं. फोनवर आपण दोघी भांडतो, कागदावर जरा माणसांत येतो.

पोतंबितं काय लावलंयस? बहिणी-बहिणींत हिशेब कसला.

ताई


१६ ऑक्टोबर

ताई,

ढीग नासला आहे. आधी गरम होता, आता गार आणि बुळबुळीत. वास असा की भिंतीपलीकडचे दातांचे डॉक्टर स्वतः भेटायला आले. म्हणाले, "बाई, माझ्याकडे लोक तोंड उघडून बसतात. निदान त्यांचा तरी विचार करा." मी विचार केला. पुढचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

माळीबुवा म्हणतात ओलं फार झालं, भुसा हवा. सुताराचा फुकटचा भुसा संपला. तो म्हणतो, मी खुर्च्या करतो, भुसा करत नाही, खुर्च्या करताना पडेल तेवढाच मिळेल. म्हणून वखारीतून विकतचा आणला. माळीबुवांना रोज वरचे दोन तास लागतात, त्याचे पैसे वेगळे. फुकटचं खत बघता बघता महाग झालं.

आणि हे ओलं आलं कुठून? तर आमचीच पोरं अन्न टाकायला लागली असणार. काल प्रार्थनेनंतर मी अन्नाच्या नासाडीवर भाषण केलं. पोरं इतकी मन लावून ऐकत होती की त्यांना काहीही कळलेलं नाही, हे मला लगेच कळलं.

हो, ढिगात पोपटी चमचे सापडतात. पुष्कळ. तुझ्या दोन बादल्यांत एवढे? जरा वेचून पाठवत जा. आमचे चमचे स्टीलचे आहेत.

टाचणी


१९ ऑक्टोबर

टाचणे,

चमच्यांचं बायकांना सांगते.

ढिगाचं म्हणशील तर मूळ ताटात आहे. मुलांना झेपत नाही इतकं आपण वाढतो आणि मग उकिरडा वाढला म्हणून रडतो. मी वाढायची पळीच बदलली. लहान पळी, एकदाच वाढायचं, पुन्हा मागितलं तर अर्धी. चार दिवस कुरकुर होते, मग सवय लागते. आमच्याकडची एक जास्तीची लहान पळी सोबत पाठवते आहे. तुमच्या आचारीणबाई तोंड वाकडं करतील. करू देत. पैशाचं उत्तर मंडळाला तू देणार आहेस, त्या नाही.

आणि वास येतो म्हणून मंडळाला आपण होऊन काही लिहायला जाऊ नकोस. आपण आधी लिहिलं की आपलाच दोष ठरतो.

जपून राहा. तब्येतीची हेळसांड करू नकोस. तू एकटी असलीस की चहावर दिवस काढतेस, मला माहीत आहे.

ताई


२१ नोव्हेंबर

ताई,

तुझी पळी महिनाभर वापरली. निकाल कळवते.

आचारीणबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. किराणा संपला तर त्या भिंतीकडे बघून सांगतात, "तेल संपलंय म्हणावं." भिंतीच्या वतीने मी तेल आणते. एकदाच त्या थेट बोलल्या. "मी शिजवलेलं कधी परत येत नव्हतं, बाई. तुम्ही उगाच पोरांना तोडताय." मला वाटलं, आपल्या हाताच्या चवीचा अभिमान बोलतोय.

ताटं आता चाटूनपुसून येतात. परवा एक चिमुरडी ताट घेऊन दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा पातेलं खरवडून झालं होतं. तिने ताट उलटं करून डोक्यावर टोपीसारखं धरलं, मैत्रिणींना हसवलं आणि गेली. माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं झालं.

आणि ढीग वाढतोच आहे. ताटात काही उरत नाही, शिजतं कमी, आणि खड्डे मात्र काठोकाठ. मी कितीदा बेरीज केली, जमत नाही. आता मनात असंही येतं की आचारीणबाई रागाने कच्चा मालच मागच्या दारी टाकत असतील. इतक्या वर्षांच्या बाईबद्दल असं मनात येतं, यावरून माझी काय अवस्था झाली आहे ते ओळख.

ताई, चिडू नकोस. हिशेबाचं माणूस आहे म्हणून विचारते. तुझ्याकडून दोनच बादल्या येतात ना?

टाचणी


२४ नोव्हेंबर

टाचणे,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

हे विचारवलं तरी कसं तुला? तुझा संसार मोडला तेव्हा तू दोन पिशव्या घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस. पाऊण वर्ष राहिलीस. तेव्हा मी तुझे घास मोजले होते का? तुझ्या भावजींनी एकदा विजेच्या बिलाबद्दल तोंड उघडलं, तर मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. आणि तू बादल्या मोजतेस.

असो. तुझ्यावर ताण आहे हे समजते मी.

इकडची बातमी अशी की मंडळाचे मोठे साहेब येऊन गेले. आमच्या शाळेचा कचऱ्याचा खर्च शून्य आहे, हे हेडसरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. ट्रक बंद केल्याला आता दोन महिने होतील. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मला पुढे बोलावून शाल दिली. रंग तुला आवडला नसता.

ताई


२७ नोव्हेंबर

ताई,

चुकलं. माफ कर. टाचणी हे नाव मला उगाच मिळालेलं नाही, पण ती तुला टोचायला नव्हती. ते पाऊण वर्ष मी विसरलेले नाही.

शालीबद्दल अभिनंदन. शून्याबद्दल जास्त. ट्रक बंद करून शून्य कसं साधलंस, तेवढं लिही. मी दोन खड्ड्यांत बुडाले आहे आणि तुझं कुठे काही दिसतही नाही. इथेही तसंच करता येईल.

तुझी
टाचणी


१५ जानेवारी

टाचणे,

उत्तराला फार उशीर झाला. शाळाशाळांतून बोलावणी येतात, भाषणं करावी लागतात. पाठीचं दुखणं वाढलं आहे.

घाईत एकच सांगते. कचऱ्याचा खर्च तपासायला मंडळाने समिती नेमली आहे आणि तीत मलाही घातलंय. नको म्हणत होते, ऐकलं नाही. तुमच्या शाळेला पुढच्या आठवड्यात येऊ. मला ओळख दाखवू नकोस, नाहीतर म्हणतील बहिणीची बाजू घेते. मी असताना तुला काळजी नाही.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

समितीचा अहवाल आला. "मागील अंगणातील खतप्रकल्प अवाजवी खर्चिक, दुर्गंधीयुक्त व गैरव्यवस्थापित. तातडीने बंद करावा." खाली तीन सह्या. मधली तुझी. तुझ्या सहीतली ती लांब शेपटी मी शाळेच्या वहीतही ओळखत होते.

इथवर मी तुझ्या बाजूनेच विचार केला. म्हटलं, तिघांत एकटी काय करणार बिचारी. त्या दिवशी तू ढिगापाशी नाकाला रुमाल लावून उभी राहिलीस आणि माळीबुवांना विचारलंस, "हे इतकं ओलं का?" तेव्हाही मला तुझी कीव आली. वाटलं, हिला माझ्यासाठी किती नाटक करावं लागतंय. माळीबुवा एकदा तुझ्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. तू बहीण आहेस हे ते बोलून बसतील, म्हणून.

काल शनिवार, शाळेला सुट्टी. खड्डे बुजवण्याआधी होतं तेवढं खत चाळून घ्यावं, म्हणून नेहमीपेक्षा लवकर गेले. मागच्या फाटकाशी टेम्पो उभा होता. ड्रम उतरत होते. निळे, तुझ्या शाळेचं नाव रंगवलेले. आधी दोन बादल्या उतरल्या, त्या नेहमीच्या, ओळखीच्या. मग ड्रम. मी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. ते संपले नव्हते, मीच थांबले.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमच्या ताईंचं," माळीबुवा म्हणाले.

"रोज एवढं येतं?"

"सुट्टीच्या आदल्या दिवसाचं जरा जास्त असतं. एरवी कमी."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं त्यात? चिठ्ठी येत होती ना तुम्हाला. झाकणावरची मीच सोडवून तुमच्या टेबलावर ठेवायचो. मला वाटलं, माल किती पाठवला ते त्यातच लिहिलेलं असणार."

"आणि भुशासाठी मी रडत होते, पोरांना बोलत होते, तेव्हा?"

ते डोकं खाजवायला लागले. "बाई, नात्यातलं प्रकरण. आपण मध्ये तोंड घातलं की दोघी एक होतात आणि तिसऱ्याचं जातं. त्या तपासायला आल्या आणि मलाच विचारलं, ओलं का म्हणून. आता मालकिणीला तिच्याच मालाचं काय सांगू? म्हटलं, मोठ्या लोकांची काहीतरी पद्धत असेल."

टेम्पोवाल्याला विचारलं, केव्हापासून. तो म्हणाला, सप्टेंबर संपायच्या आधीपासून. वर म्हणाला, "तुमच्या ताई सांगतात, टाचणीबाई यायच्या आत रिकामं करून निघायचं, त्यांना वासाचा त्रास होतो."

तुझ्या शाळेचा खर्च शून्य आहे, कारण तो माझ्या अंगणात पडला आहे. माझा खर्च वाढला, कारण तो तुझा आहे. आणि तो वाढला म्हणून खड्डे बंद करा, असं तू सही करून सांगितलंस. हे सगळं मला समजतं, हिशेबच आहे तो.

पळीचं समजत नाही. मी तुला लिहिलं की पोरं अन्न टाकत असतील. तुला ठाऊक होतं, ती टाकत नव्हती. तू उत्तरात चमच्यांचं बायकांना सांगते म्हणालीस आणि लहान पळी पाठवलीस. आमची पोरं महिनोन् महिने तुझ्या ड्रमपायी कमी जेवली, ताई. ते तू मला करायला लावलंस, आणि मी केलं.

टाचणी


२३ फेब्रुवारी

टाचणे,

तुझं पत्र शाळेत वाचता आलं नाही. घरी जाऊन मोरीत उभं राहून वाचलं.

तूच लिहिलं होतंस, पाठव जमेल तेवढं. ते पत्र माझ्याकडे आहे. मला जमलं तेवढं मी पाठवलं.

तू विचारत नाहीस, तरी सांगते. हेडसरांनी नाव काढलं होतं. आमच्या भांडी घासणाऱ्या बाई. नवरा नाही, दोन मुली. ट्रकचं बिल थांबलं नसतं तर त्या महिनाअखेरीस घरी बसल्या असत्या. तुझा माळी अर्धा जाईल, माझी बाई अख्खी गेली असती. सांगायला हवं होतं, मान्य आहे. पहिल्या आठवड्यात सांगितलं नाही, मग दुसऱ्यात सांगण्यासारखं राहिलं नाही. मग शाल आली. शाल अंगावर घेऊन काय सांगणार होते मी? सही नाकारली असती तर विचारलं असतं का म्हणून.

पळीचं म्हणशील तर तेव्हा काहीतरी उपाय सुचवायलाच हवा होता. आणि कमी जेवल्याने मुलं आजारी पडत नाहीत.

आता नीट ऐक. सोमवारपासून माझे ड्रम कुठे जाणार? मी शून्य लिहून दिलेलं आहे. पुढच्या महिन्यात बाकीच्या शाळा आमची पद्धत बघायला येणार आहेत. दोन्ही खड्डे बुजवू नकोस. मागचा, भिंतीलगतचा, तेवढा राहू दे. वरून पाला पसर. कोणी विचारणार नाही, समितीत मी आहे. माळ्याला मी माझ्या खिशातून काहीतरी देत जाईन.

एवढं माझ्यासाठी कर. तुझ्यासाठी मी काय केलं ते मी कधी काढत नाही.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

हे पत्रही झाकणावर बाहेरून चिकटवते आहे, कोरडं पोचेल.

दोन्ही खड्डे काल बुजवले. भिंतीलगतचा आधी. दातांच्या डॉक्टरांनी भिंतीवरून बघून हात केला. माळीबुवा उद्यापासून अर्धा दिवस येतील. फावडं धुऊन भिंतीला टेकवलं आणि मला म्हणाले, "सकाळचा अर्धा ठेवू की दुपारचा?" मी म्हटलं, तुम्हाला हवा तो. त्यांनी सकाळचा ठेवला. ढिगात सळई खुपसून बघायची त्यांना सवय झाली आहे, ती सकाळीच असते.

मंडळाला मी काही कळवलेलं नाही. कळवलं तर तुझ्या भांडीवाल्या बाई जातील आणि आमचे माळीबुवा काही परत अख्खे होणार नाहीत. तुझे ड्रम कुठे जातील ते मला माहीत नाही. टेम्पोवाल्याला सांगितलं आहे की आमचं मागचं फाटक आता उघडत नाही.

आचारीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे न बघता ऐकून घेतलं, मग मोठी पळी खुंटीवरून काढून गरम पाण्याने धुतली. मला ताट वाढलं, आणि मी पुरे म्हणेपर्यंत थांबल्या नाहीत. ती टोपीवाली चिमुरडी शुक्रवारी दोनदा रांगेत आली आणि दोन्ही वेळा तिला मिळालं.

तुझी लहान पळी सोबत आहे. घासली आहे.

पोपटी चमचे वेगळ्या पिशवीत बांधले आहेत. मोडके होते तेही टाकलेले नाहीत.

टेम्पोत एक पोतं ठेवलं आहे. खत चांगलं झालंय, वास अजिबात नाही, हातात घेतलंस तर मातीच वाटेल. ठरलं होतं तसं एकच आहे, आणि दोनदा चाळलं आहे. गुलाबांना घालताना बुंध्यापासून जरा लांब घाल. नवं खत अंगावर आलं की मुळं जळतात.

टेम्पोवाला आजवर आपलं फुकट करत होता. या फेरीचं भाडं मी इथेच देऊन टाकलं आहे. तू देऊ नकोस.